सिग्नल बंद पडतो तेव्हा: मौला अलीची छोटी रेल्वे आणि कोकणचा एकेरी मार्ग

रेल्वे भरती मंडळांनी २०२४ मध्ये पदवीधरांसाठी ८,११३ जागांची जाहिरात काढली. त्यांत ९९४ जागा स्टेशन मास्तरांच्या होत्या आणि ३,१४४ जागा मालगाड्यांच्या ट्रेन मॅनेजरच्या, म्हणजे कालपरवापर्यंत ज्यांना गार्ड म्हटले जाई त्यांच्या. पुढच्या वर्षीच्या ५,८१० जागांच्या जाहिरातीत स्टेशन मास्तरांच्या आणखी ६१५ व ट्रेन मॅनेजरच्या ३,४१६ जागा आल्या. दोन्ही मिळून आठ हजारांहून अधिक तरुण-तरुणींच्या हाती गाड्यांची ये-जा सोपवली जाणार आहे. परीक्षा लांबली, निकाल रखडला, प्रश्नपत्रिकेत चुका निघाल्या, यांवर वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. निवड झालेला उमेदवार पहिल्यांदा एखाद्या स्थानकाच्या पॅनेलसमोर एकटा बसण्यापूर्वी नेमके काय शिकतो आणि कोठे शिकतो, हा विषय मात्र चर्चेत क्वचितच येतो. त्याची आठवण अपघातानंतर होते.

दक्षिण मध्य रेल्वेच्या उमेदवारांसाठी ही जागा म्हणजे सिकंदराबादजवळील मौला अली. हैदराबादच्या या जुळ्या शहरालगत विभागीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे. या रेल्वेचा नांदेड विभाग मराठवाड्यात पसरलेला असल्याने परभणी-जालन्याकडच्या स्थानकांवर लागणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही या संस्थेशी संबंध येतो. मध्य रेल्वेची अशीच संस्था भुसावळला आहे. अशा संस्थांमध्ये एक खोली असते, तिला सगळे ‘मॉडेल रूम’ म्हणतात. प्रथम पाहणाऱ्याला ते श्रीमंत घरातील मुलाचे खेळणे वाटावे. लांबलचक मंचावर रूळ, दोन-चार स्थानके, फाटक, बोटभर उंचीचे सिग्नल आणि विजेवर धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या. पण प्रत्येक स्थानकामागे जे टेबल असते, त्यावरची उपकरणे खेळण्यातली नसतात. ब्लॉक यंत्र, घंटा, दूरध्वनी, पॅनेल, गाड्यांच्या नोंदीचे रजिस्टर आणि नमुनेवार छापील अर्ज, सारे प्रत्यक्ष स्थानकावर असते तसेच. गाडी लहान आहे, काम पूर्ण मापाचे आहे.

भारतीय रेल्वेचा गाडी चालवण्याचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो: दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी. ‘अ’ स्थानकाच्या मास्तराने ‘ब’ स्थानकाकडे लाइन क्लिअर मागायची, ‘ब’ने आपला मार्ग मोकळा असल्याची खात्री करून ती द्यायची, दोघांनी रजिस्टरात वेळ लिहायची, आणि मगच गाडीने हलायचे. कागदावर हे दहा मिनिटांत समजते. मॉडेल रूममध्ये तीन प्रशिक्षणार्थी तीन स्थानकांवर बसवले, दोन्ही दिशांनी गाड्या सोडल्या आणि मधल्या स्थानकावर क्रॉसिंग ठरवले, की पहिल्या अर्ध्या तासात गोंधळ सुरू होतो. एक जण घंटेची खूण चुकीची वाजवतो. दुसरा लाइन क्लिअर देतो, पण नोंद करायला विसरतो. तिसरा लूप लाइनवर मालगाडी उभी आहे हे विसरून तीच लाइन एक्स्प्रेससाठी लावू पाहतो. यंत्र त्याला अडवते, कारण सांधे, सिग्नल आणि मार्ग एकमेकांशी असे जखडलेले असतात की विसंगत सिग्नल पडूच नये. येथवरचे शिक्षण सोपे म्हणायचे.

खरा पाठ प्रशिक्षक एखादी तार काढून टाकतो तेव्हा सुरू होतो. सिग्नल लालच राहतो, हिरवा होत नाही. सांधा फिरला की नाही याचा दिवा पॅनेलवर लागत नाही. आता गाडी पुढे न्यायची तर मास्तराला लेखी अधिकारपत्र द्यावे लागते, आणि त्यावर सही करण्यापूर्वी सांधा योग्य बाजूला बसला आहे, त्याला क्लॅम्प व कुलूप लागले आहे, मार्गात काही नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. मग दूरध्वनीही बंद होतो. एकेरी मार्गावर दोन स्थानकांचा संपर्क पूर्ण तुटला तर काय करायचे, याची पद्धत नियमपुस्तकात आहे: पुढील स्थानकाशी संपर्क जोडण्यासाठी एकटे इंजिन किंवा तत्सम वाहन पाठवायचे, त्याच्याबरोबर लाइन क्लिअरच्या चौकशीचा कागद द्यायचा, दिवसा समोरचे स्पष्ट दिसत असेल तरी वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. कोणता नमुना कोणत्या प्रसंगी, हे अक्षर-क्रमांकांचे जंजाळ आहे. ६०२ च्या मालिकेतच प्रसंगानुसार वेगवेगळी अधिकारपत्रे आहेत. ते पाठ करणारे परीक्षेत उत्तीर्ण होतात. पण समोर दोन गाड्या खोळंबल्या आहेत, नियंत्रण कक्षातून विचारणा होते आहे आणि शेजारचा सहकारी उत्तर देत नाही, अशा वेळी योग्य कागद हाती येणे हे पाठांतराचे काम नव्हे. ते सवयीचे काम आहे, आणि सवय लावायला चुका करण्याची सुरक्षित जागा लागते.

ही जागा किती मोलाची आहे, हे १७ जून २०२४ च्या सकाळने दाखवून दिले. पश्चिम बंगालमधील रंगापाणी आणि छत्तरहाट या स्थानकांदरम्यान कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली आणि मालगाडीच्या चालकासह दहा जणांचा बळी गेला. त्या पट्ट्यात स्वयंचलित सिग्नल होते, म्हणजे एका टप्प्यात ठरावीक अंतराने एकापाठोपाठ अनेक गाड्या धावू शकत. पहाटे ५.५० पासून ते सिग्नल बिघडलेले होते. गाड्या लेखी अधिकारपत्रांवर सोडल्या जात होत्या. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते असे: दिलेले अधिकारपत्र योग्य नव्हते, पुरेशी माहितीही त्यात नव्हती, वेगाचा उल्लेख नव्हता. त्या सकाळी याच टप्प्यात आणखी गाड्याही गेल्या होत्या. बिघडलेल्या सिग्नलशी थांबणे आणि वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत ठेवणे हे पथ्य ज्या एका गाडीने पाळले, ती कांचनजंगा एक्स्प्रेस होती. म्हणजे जिने नियम पाळला तिलाच मागून धडक बसली. आयुक्तांनी हा अपघात केवळ घडण्याची वाट पाहत होता, अशा अर्थाचा शेरा मारला आणि लोकोपायलट व स्टेशन मास्तर यांना अशा प्रसंगांचे पुरेसे मार्गदर्शन नव्हते, असे नोंदवले.

या निष्कर्षातील महत्त्वाचा भाग ‘एकाची चूक’ हा नाही. त्या सकाळी गाड्यांच्या चालकांनी एकाच कागदाचा अर्थ वेगवेगळा लावला. ज्ञानाचा अभाव एका माणसात असेल तर त्याला शिक्षा करता येते; तो व्यवस्थेत सर्वत्र सारखा पसरलेला असेल, तर दोष शिकवण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो. स्वयंचलित सिग्नल वर्षभर बिनतक्रार चालतात. त्यामुळे ते बिघडल्यावर द्यायचा कागद भरण्याची वेळ एखाद्या मास्तरावर कित्येक महिन्यांत येत नाही. यंत्रणा जितकी विश्वासार्ह, तितका माणूस अनभ्यस्त. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये एका निबंधात हाच विरोधाभास मांडला होता: सोपे काम यंत्राकडे जाते, सर्वांत अवघड प्रसंग माणसाकडे उरतो, आणि त्या प्रसंगाचा सराव मात्र यंत्रामुळेच बंद झालेला असतो.

बालासोरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि अधिक अस्वस्थ करणारी. २ जून २०२३ रोजी बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. मूळ कारण सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चूक हे होते. वर्षांपूर्वी लावलेल्या चुकीच्या खुणा, त्यावर फाटकाच्या अडसराच्या कामासाठी केलेली जोडणी. यात स्टेशन मास्तराने पॅनेलवर काही वावगे केले नव्हते. तरीही आयुक्तांच्या अहवालात स्थानकाबद्दल एक वाक्य आले: त्या सांध्याचे विचित्र वागणे वारंवार दिसत होते, ते सिग्नल विभागाला कळवले गेले असते तर दोष आधीच सापडू शकला असता. पॅनेलवरचा दिवा एखाद्या वेळी उगीच लुकलुकतो, सांधा फिरायला नेहमीपेक्षा वेगळा वेळ घेतो, आणि काम तर निभावते. अशा वेळी ‘चालतंय ना’ म्हणून पुढे जायचे, की थांबून लेखी तक्रार करायची? मॉडेल रूममध्ये कुशल प्रशिक्षक हा संशय मुद्दाम पेरू शकतो. पूर्ण बंद पडणारा सिग्नल ओळखायला कोणालाही जमते. अर्धवट बिघडलेला सांधा ओळखून त्याचा पाठपुरावा करणे, हे शिकवणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून आहे. त्या खोलीची किंमत रुळांच्या लांबीवर नाही, तर प्रशिक्षकाच्या खुर्चीत वीस वर्षे स्थानक सांभाळलेला माणूस बसतो की बदलीच्या वाटेवरचा कोणी, यावर ठरते. प्रशिक्षण संस्थेतील नेमणूक ही अनेक सरकारी खात्यांत अडगळीची मानली जाते. रेल्वेही त्याला फारशी अपवाद नाही.

छोट्या रेल्वेच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, आणि त्यासाठी हैदराबादच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी काचिगुडा स्थानकात एमएमटीएस लोकल लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या हुंद्री एक्स्प्रेसवर आदळली. लोकलचा चालक चेपलेल्या कॅबिनमध्ये सुमारे आठ तास अडकून होता. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मौला अलीपासून हे स्थानक काही किलोमीटरवर आहे. स्थानकाच्या बाजूने मार्ग योग्य लावलेला असताना चालकाच्या मनात त्या क्षणी काय घडते, हे मंचावरची गाडी सांगू शकत नाही. तिला वजन नसते. वीज तोडली की ती जागच्या जागी थांबते. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरच्या हिशेबात अंतर लागते. दोन स्थानकांमधील पंधरा मिनिटांचा प्रवास मंचावर काही सेकंदांत उरकतो, त्यामुळे पहाटे तीन वाजताची झोप, वाट पाहण्याचा कंटाळा आणि कंटाळ्यातून येणारी बेफिकिरी तेथे उतरत नाही. चालकांसाठी म्हणूनच संगणकीय सिम्युलेटर आले आणि ते आवश्यकच आहेत. पण पडद्यासमोर बसलेला चालक एकटा शिकतो. दोन माणसांनी एकमेकांवर विसंबून, एकमेकांचे शब्द लिहून घेऊन गाडी चालवायची असते, तो व्यवहार शिकवायला तीन टेबले, तीन माणसे आणि मधोमध सर्वांना दिसणारी एकच गाडी, यापेक्षा चांगले साधन अद्याप मिळालेले नाही.

ही समजूत भारताची नाही आणि नवीही नाही. इंग्लंडमधील लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ मध्ये मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकात सिग्नल कर्मचाऱ्यांच्या शाळेसाठी असे मॉडेल बांधले. ते १९९० च्या दशकापर्यंत वापरात होते, आज यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मात्र मॉडेल संग्रहालयात गेले म्हणजे पद्धत कालबाह्य झाली असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीत डार्मस्टाट आणि ड्रेस्डेन येथील तांत्रिक विद्यापीठांत, स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संस्थेत रेल्वे संचालनाच्या प्रयोगशाळा छोट्या रेल्वेवरच चालतात. डार्मस्टाटमध्ये तर दांड्यांनी चालणाऱ्या जुन्या यांत्रिक केबिनपासून संगणकीय इंटरलॉकिंगपर्यंतच्या सर्व पिढ्यांची उपकरणे एकाच मांडणीला जोडलेली आहेत. संगणकावर सारे दाखवता येत असताना या श्रीमंत देशांनी लहान गाड्या का ठेवल्या, याचे उत्तर व्यावहारिक आहे: पडद्यावरची चूक पुसली जाते, मंचावर दोन गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या की ते दृश्य विद्यार्थी विसरत नाही.

सिकंदराबादमध्येच दुसरी एक संस्था आहे, तिचे नाव या संदर्भात टाळता येणार नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेली ‘इरिसेट’ ही सिग्नल व दूरसंचार अभियंत्यांची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था. ‘कवच’ या टक्करविरोधी यंत्रणेच्या प्रशिक्षणाचे केंद्रही तीच. कवचचे पहिले मोठे प्रयोग दक्षिण मध्य रेल्वेवर झाले. मार्च २०२२ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी इंजिनात बसून गुल्लागुडा-चितगिड्डा टप्प्यात चाचणी पाहिली. या रेल्वेच्या १,४६५ किलोमीटर मार्गावर ती यंत्रणा बसली आणि तिच्या ४.० या आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. (गोव्याच्या वाचकाला येथे आठवावे: बी. राजाराम यांच्या कारकिर्दीत कोकण रेल्वेनेच ‘रक्षाकवच’ नावाची टक्करविरोधी यंत्रणा विकसित केली होती. नाव टिकले, यंत्रणा दुसरी आली.) कवच सर्वत्र बसले की मॉडेल रूमची गरज संपेल, असा एक सूर ऐकू येतो. रंगापाणीचा अनुभव याच्या उलट दिशेने बोट दाखवतो. कवच लाल सिग्नल ओलांडणाऱ्या चालकाला थांबवील. काचिगुड्यासारखा प्रसंग टाळण्याची ताकद त्यात निश्चित आहे. पण कवचही बंद पडू शकते, आणि ते बंद असताना गाड्या चालवण्याचे नियम पुन्हा त्याच मास्तरापाशी, त्याच कागदांपाशी येऊन थांबतात.

गोव्याचा यात काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध सरळ आहे. गोव्याला जोडणाऱ्या दोन्ही रेल्वे आजही मोठ्या प्रमाणात एकेरी मार्गांवर अवलंबून आहेत. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग रोहा-वीर टप्पा सोडला तर बहुतांशी एकेरीच आहे. एकेरी मार्गावर प्रत्येक क्रॉसिंग हा दोन मास्तरांमधील करार असतो. दुसरीकडे, दक्षिण पश्चिम रेल्वेचा कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट: १:३७ चा चढ, दूधसागर, करंझोळ, सोनावळी ही जंगलातली स्थानके, आणि पावसात कोसळणाऱ्या दरडी. या टप्प्याच्या दुपदरीकरणासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. मोलेच्या जंगलासाठी तो निर्णय स्वागतार्ह होता. त्याचा एक दुर्लक्षित अर्थ असा, की घाटातील गाड्या यापुढेही एकेरी मार्गाच्या शिस्तीवरच चालणार आणि त्या शिस्तीचे प्रशिक्षण ऐच्छिक राहू शकत नाही.

कोकणातील पावसाळा हा तर बिघाडाचाच ऋतू. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगड-मातीने गाड्यांचा घात केला. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक, वेगमर्यादा, गस्त हे सारे कडक झाले. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाण्याचे लोट आले. दोन्ही वेळा वाहतूक थांबली आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे फिरवाव्या लागल्या. अशा दिवशी नेहमीचे वेळापत्रक रद्दबातल होते. अनोळखी गाड्या अनोळखी वेळी घाटात येतात, एखाद्या स्थानकावर तीन गाड्या अडकतात, दुरुस्तीची गाडी अडलेल्या टप्प्यात पाठवावी लागते. बंद टप्प्यात गाडी सोडण्याचे अधिकारपत्र वेगळे, सावधगिरीचा हुकूम वेगळा. प्रवाशाला दिसतो तो केवळ उशीर. स्थानकाच्या खोलीत त्या रात्री एक माणूस आपल्या प्रशिक्षणाच्या दिवसांतले काहीतरी आठवत बसलेला असतो.

कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाची प्रक्रिया महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिल्यानंतर पुढे सरकली आहे. गोव्यात त्यावर जी चर्चा होते ती नोकऱ्यांची, भांडवलातील हिश्श्याची, नावाची आणि थांब्यांची. त्या मागण्या रास्त आहेत. पण विलीनीकरणानंतर पेडणे, थिवी, करमळी, बाळ्ळी, काणकोण या स्थानकांवरचे कर्मचारी कोणत्या विभागीय संस्थेत शिकणार आणि उजळणीच्या पाठासाठी किती दिवसांसाठी सोडले जाणार, हा प्रश्न त्या चर्चेत नाही. मनुष्यबळ कमी असले की सर्वांत आधी कात्री लागते ती उजळणीला. पाळी रिकामी ठेवून मास्तराला आठवडाभर शिकायला पाठवणे कोणत्याही विभागाला महागच वाटते. शिवाय मैदानी प्रदेशातील संस्थेची मांडणी मैदानी असते. घाटात गाडी मागे घसरली तर तिला वळवून घेणारा चढता फाटा, बोगद्याच्या तोंडाशी थांबलेली गाडी, दरडीमुळे अर्धा तुटलेला टप्पा, हे तेथे सहसा दाखवले जात नाही, कारण तेथील स्थानकांना त्याची गरज पडत नाही.

मडगावात कोकण रेल्वेची जॉर्ज फर्नांडिस यांच्या नावाची बोगदा तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे एका मोठ्या दालनात कुळे, सोनावळी, दूधसागर, करंझोळ, कॅसलरॉक हा घाट आणि मडुरे-पेडणे हा बोगद्याचा टप्पा अशी मांडणी उभी करणे, त्याला वापरातून काढलेली खरी पॅनेले व ब्लॉक यंत्रे जोडणे, यासाठी लागणारा पैसा एखाद्या स्थानकाच्या सुशोभीकरणापेक्षा अधिक असण्याचे कारण दिसत नाही. दक्षिण पश्चिम आणि कोकण अशा दोन्ही रेल्वेंच्या कर्मचाऱ्यांना पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, तेथे एकत्र बसवता येईल; मडगावला हे दोन मार्ग मिळतात, पण दोन्हीकडचे मास्तर एकमेकांना बहुधा दूरध्वनीवरच्या आवाजापुरतेच ओळखतात. विलीनीकरणाच्या अटी ठरवताना गोवा सरकारने केंद्राकडे द्यायच्या मागण्यांच्या यादीत या एका दालनाला जागा द्यावी. त्यासाठी नवी जमीन लागत नाही, वनखात्याची परवानगी लागत नाही, आणि पुढचा जून उजाडण्याआधी ते काम सुरू होऊ शकते.